बोगद्याचं पलीकडचं टोक

हे आमच्याच घरात घडलंय. ऐकीव नाही, मित्राच्या मित्राचंही नाही. पटलं तर बघा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाशी वाद घालणार नाही. तेवढं त्राणच उरलेलं नाही अंगात.

आणि यात रात्र नाही. अमावस्या नाही, ओसाड बंगला नाही.

सगळं दिवसाउजेडी घडलं. दुसऱ्या मजल्यावर आमच्या मागच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आईचं टेबल आहे... तिथे.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. कॉम्प्युटरचं वेड होतं ते दादाला, माझ्या मोठ्या भावाला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि एका मालगोदामातले कॉम्प्युटर सांभाळायचा. वहिनी म्हणायची, "ह्यांचं पहिलं लग्न त्या डब्याशी झालंय. मी दुसरी."

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुने पत्ते चार आकड्यांचे. ते संपत आले म्हणून नव्या पिढीचे लांबलचक, मधेमधे दोन टिंबं देऊन लिहायचे पत्ते निघाले. पण आमच्या दोन्ही घरांना कंपनी नवे पत्ते देईना. दादा थोडाच थांबतोय? त्याने दोन घरांमध्ये बोगदा काढला.

बोगदा म्हणजे खणायचं काही नाही. नव्या पत्त्याचं पाकीट जुन्या पत्त्याच्या लिफाफ्यात घालायचं आणि पाठवून द्यायचं. पलीकडे लिफाफा फाडला की आतलं पाकीट जसंच्या तसं. आत काय आहे, याची मधल्या वाटेला खबरही नसते.

सांगायला सोपं. करताना आमच्या नाकी नऊ आले. आधी राउटर बोगद्याची पाकिटं दारातूनच परत पाठवायचा. ते निस्तरलं तर छोटी पाकिटं जायची आणि मोठी मधेच अडकायची. वरच्या लिफाफ्यालाही जागा लागते, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दादा फोनवर सांगायचा आणि मी इकडे टाइप करायचो. "अरे गाढवा, टिंबं एकाखाली एक! शेजारीशेजारी नाही!" असं तासन्‌तास चालायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर आईसाठी.

दादा बाइकवरून कामाला जायचा, मोठ्या रस्त्याने, ट्रकांच्या मधून. तो घरी पोचेपर्यंत आईच्या जिवाला घोर. सारखा फोन केला की दादा वैतागायचा. म्हणून त्याने आईच्या कॉम्प्युटरवर एक छोटासा प्रोग्राम बसवला. आमचा कॉम्प्युटर दर मिनिटाला बोगद्यातून दादाच्या कॉम्प्युटरला हाक मारायचा. तो चालू असला की ओ द्यायचा. ओ आली की आमच्याकडे वाजायचं...

टिंग.

दादा घरी आला की आधी कॉम्प्युटर चालू करायचा, मग बूट काढायचा. मागच्या खोलीत टिंग झालं की आई हातातलं काम खाली ठेवायची. "आला गं बाई," म्हणायची आणि माझ्या बायकोला चहा टाकायला सांगायची.

एकदा गंमत झाली. दादाने चुकून असा पत्ता भरला की हाक त्याच्या घरातल्या सगळ्या यंत्रांना गेली. त्याच्या कॉम्प्युटरने ओ दिली आणि वहिनीच्या लॅपटॉपनेही दिली. आमच्याकडे वाजलं टिंग, टिंग. आई म्हणाली, "आज दोघं बरोबर आलेली दिसतायत."

दादा फोनवर खो खो हसला. "आईला तुझ्यापेक्षा जास्त कळतं रे. एका हाकेला दोनदा ओ आली की तिकडे दोघं आहेत. एवढं लक्षात ठेव."

ते लक्षात राहिलं.

त्या बोगद्याची एक खोड होती. आमच्या इमारतीची वीज गेली की आमचा जुना, चार आकड्यांचा पत्ता बदलायचा. मग तो बदललेला पत्ता दादाच्या टोकाला हाताने भरावा लागायचा. आपोआप काही होत नाही. तिकडे कुणीतरी खुर्चीत बसून टाइप करावंच लागतं.

मी दुकानात असायचो, म्हणून दादा आईलाच फोन करायचा. आई जवळचा चष्मा लावायची. तो मीच बनवलेला. स्क्रीनच्या कोपऱ्यातले आकडे ती एकेक करून मोठ्याने वाचायची. "झालं, भरलं," दादा म्हणायचा. मिनिटाभरात टिंग.

एका मंगळवारी टिंग झालं नाही.

आई मागच्या खोलीत बसून राहिली. चहा टाकायला सांगितलं नाही. फोन आला तेव्हा तिने चष्मा काढून टेबलावर ठेवलेला होता. फोनवर काय आहे, ते तिने विचारलंच नाही.

ट्रकवाल्याची चूक होती म्हणे. असेल.

मला रडू आलं नाही. सगळं केलं. सह्या केल्या, लोकांना कळवलं, मग दुकानात जाऊन काचा घासायला बसलो. दाढ काढल्यावर गाल होतो ना, तसा झालो होतो. हात लावला तर कळतं की आपलाच आहे, पण लागत नाही.

प्रोग्राम मी बंद केला नाही. हातच गेला नाही. आमचा कॉम्प्युटर दर मिनिटाला हाक मारत राहिला. तिकडून ओ नाही. आई जेमतेम दोन घास खायची आणि त्या खुर्चीत जाऊन बसायची.

महिन्याभराने आमच्या इमारतीची वीज गेली. दुपारी परत आली. मला ताप होता, म्हणून मी घरीच होतो.

पत्ता बदलला असणार, असं मनात आलं. पण आता तो सांगायचा कुणाला? म्हटलं, बरं झालं. बोगदा आपसूकच मिटला.

मी डोळे मिटून पडलो. तेवढ्यात मागच्या खोलीतून आईचा आवाज आला...

एकेक आकडा. सावकाश. मोठ्याने.

मी उठून गेलो. आई चष्मा लावून स्क्रीनसमोर बसली होती. हातात फोन नव्हता.

"आई, कुणाला सांगतेस?"

"वीज गेली होती ना. पत्ता बदललाय."

"अगं, पण फोन कुठाय?"

"फोन कशाला? मी आपलं वाचून दाखवलं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. काहीतरी समजावणार होतो. काय, ते आता आठवत नाही...

टिंग.

आईने मान मागे टेकवली. "आला गं बाई," म्हणाली. "चहा टाकायला सांग."

मी वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादाचा कॉम्प्युटर कुणी चालू केला?"

ती म्हणाली, "भाऊजी, मी तुम्हालाच विचारणार होते."

"म्हणजे?"

"आत्ता खोलीतून कीबोर्डचा आवाज आला. ते करायचे तसाच. आकडा दाबायचा... थांबायचं... आकडा दाबायचा. मला वाटलं, तुम्हीच तिकडून काही करताय."

"तू आत जाऊन बघितलंस?"

"मी दार उघडलेलं नाही. तुम्ही या."

अंगात ताप होता, तसाच गेलो. वहिनी त्या बंद दारासमोर किल्ली हातात घेऊन उभी होती. तिने कुलूप काढलं, दार मी ढकललं.

कॉम्प्युटरवर चादर होती. वायरी गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. राउटरच्या जागी भिंतीवर नुसते दोन खिळे.

"कनेक्शन तोडलं मी," वहिनी म्हणाली. "डबा परत दिला कंपनीला. मला एकटीला कशाला हवंय?"

म्हणजे बोगद्याला पलीकडचं टोकच नव्हतं.

फक्त खुर्ची मागे ओढलेली होती. थोडी तिरकी, दादा उठताना ओढायचा तशी.

"ही मी आत सरकवून ठेवली होती," वहिनी म्हणाली.

मी तिथूनच बायकोला फोन केला. "मागच्या खोलीत काही वाजतंय का?"

"अहो, मगापासून वाजतंय की. आई झोपल्यात त्या आवाजावर. किती दिवसांनी अशा शांत झोपल्यात."

वहिनीने ते ऐकलं. तिचेही डोळे कोरडे होते. "भाऊजी, तुमच्याकडून बंद होत असेल तर करा," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाला जाऊ द्यावं. मला या घरात राहायचंय अजून."

मी हो म्हणालो.

बंद करायला काही लागत नाही. सेटिंगमधली एक ओळ पुसायची. मी टेबलापाशी बसलो की आई विचारायची, "काय रे, बिघडलंय का काही?" मी म्हणायचो, "नाही, बघतोय नुसतं." आई पुन्हा पोटभर जेवायला लागली होती. बायकोवर चहात साखर कमी पडल्याचा ठपकाही ठेवायला लागली होती. ओळ तशीच राहिली.

वहिनीचा दोनदा फोन आला. मग आला नाही. ती ते घर सोडून बहिणीकडे राहायला गेली.

एकदा आई झोपलेली असताना मी बोगद्यातून दादाचं फोटोंचं फोल्डर उघडून बघितलं. काही आलं नाही. दादाने शिकवल्याप्रमाणे पाकिटाचा आकार कमी केला. आणखी कमी केला. तरी नाही. तिकडून छोटंच येत होतं. हाकेला ओ, बस.

त्यावरही मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

मग आई गेली. त्याच खुर्चीत, दुपारच्या झोपेत. टिंग चालूच होतं, त्यामुळे बायकोला बराच वेळ कळलंच नाही.

आईला निरोप देऊन आम्ही परत आलो तर जिन्यात अंधार होता. वीज गेलेली. ती आली तेव्हा पत्ता बदललेला होता. मागची खोली गप्प झाली.

मी वहिनीला कळवलं, "बंद झालं."

"हं," ती म्हणाली. एवढंच.

सगळं संपलं होतं. मी काही करायची गरजच नव्हती. कॉम्प्युटर हाक मारत होता, तिकडून ओ येत नव्हती, आणि कुठल्याही घरात असंच असतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बायको बाजारात गेली होती. मी दोरीवरचे कपडे काढायला मागच्या खोलीत गेलो. टेबलावर आईचा चष्मा होता. काचांवर तिची बोटं उमटलेली. मी तो पुसला. सवयच आहे हाताला. मग खुर्चीत बसलो.

स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे होते.

दादा घरी पोचला की नाही, याची आईला काळजी असायची. मला आता आईची होती. बाकी काही नाही. ती कधी एकटी कुठे गेलेली नव्हती.

मी आकडे वाचले. एकेक. सावकाश. मोठ्याने.

एक मिनिट गेलं. काही नाही.

दुसरं गेलं.

माझं मलाच हसू आलं. कपडे उचलले, उठायला लागलो...

टिंग.

टिंग.

मी तसाच उभा राहिलो. पुढच्या मिनिटाला पुन्हा तेच. हाक एक, ओ दोनदा. स्क्रीनवर प्रोग्रामने शेराही मारला होता की उत्तर दुहेरी आलंय. त्याला बिचाऱ्याला काय कळतंय.

मागे पिशव्या ठेवल्याचा आवाज झाला. बायको दारात उभी होती. ऐकत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आई पोचल्या वाटतं."

तेव्हा मला रडू आलं. पहिल्यांदा. फार वेळ नाही आलं, आणि त्यानंतर पुन्हा आलेलं नाही.

बोगदा अजून चालू आहे. हे लिहितोय तेव्हाही मागे वाजतंय. वीज गेली की आकडे मी वाचतो. मी दुकानात असलो तर बायको वाचत असावी. मी तिला सांगितलेलं नाही, तिनेही मला सांगितलेलं नाही. ती एक ओळ कधी पुसायची, हे आम्ही बोलत नाही.

काल दुकानात काम निघालं आणि मला यायला उशीर झाला. फोनची बॅटरी संपलेली. दार उघडलं तर पुढच्या खोलीत दिवा नव्हता. बायको मागच्या खोलीत आईच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"अशी का बसलीस?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. घाबरलेली नव्हती. दमलेली होती.

"मोजत होते," ती म्हणाली. "दोनदाच वाजत होतं. म्हटलं, म्हणजे तुम्ही याल."