कपाळावरचं नाव

"ट्रकचा मागचा फाळका नीट लागत नाहीये. गाडी मागे घ्या."

मरोळच्या बाटल्यांच्या कारखान्यात उत्तरा सबनीस माल रवाना करायच्या कामावर होती. १९८३चा ऑगस्ट, पावसाची रिपरिप. केबिनमधून उतरलेला तरुण भिजतच तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, गाडी माझ्या आईची आहे. जरा प्रेमानं बोला."

"मग आईला सांगा, फाळका दुरुस्त करून पाठवा."

"वर वाचा तरी!"

तिनं छत्री कलवून वर पाहिलं. ट्रकच्या कपाळावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं – मालन.

जयवंत परबच्या घरची ती रीतच होती. आजोबा धोंडू मालवणहून आले, बंदरावर हातगाडी ओढली आणि पहिला ट्रक घेतला. त्यावर आजीचं नाव, द्रौपदी. वडिलांनी दुसरा घेतला, तो मालन.

"आणि तिसरा?" उत्तरानं विचारलं.

"तो मी घेणार. नाव अजून ठरायचंय..." तो तिच्याकडे बघत राहिला.

"आधी फाळका बघा," ती म्हणाली, पण छत्री थोडी त्याच्या बाजूला सरकली.

माल पुण्याला पोचला की दुपारी कारखान्यात फोन यायचा. जयवंत स्वतः करायचा.

"माल पोचला. एकही बाटली फुटली नाही."

"ठीक."

"घाटात धुकं होतं. तुमची आठवण... म्हणजे, फाळक्याची आठवण झाली."

"फाळक्याला सांगते हं!"

शेजारच्या टेबलावरची शुभा मान खाली घालून हसायची.

दिवाळीनंतर एका रविवारी दोघं मार्वेहून होडीनं मनोरीला गेले. वाळूत बसल्यावर जयवंतनं विचारलं, "लग्न करशील?"

"नोकरी सोडणार नाही. ही मी स्वतः मिळवलीय."

"कोण सोडायला सांगतंय, यार?"

जयवंत तिला घरी घेऊन गेला, तेव्हा घाटकोपरला परबांच्या चाळीसमोर नवा ट्रक उभा होता. त्याच्या कपाळावर ताज्या रंगात लिहिलं होतं – उत्तरा. तिचा ऊर भरून आला. तिला न विचारताच नाव रंगवलंय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

घरात जयवंतच्या आईनं, मालननं तिला चहा दिला, जवळ बसवलं.

"माझा नाव त्या गाडयेर लागला, तेव्हापासून गाडी घाटात असली की मी घर सोडूक नाय, गो. गाडी पोचल्याचो निरोप येयपर्यंत घास घेवक नाय. सासूनं तसाच केल्यान. तू हपीसात बसतलंस, मगे तुझ्या गाडयेची वाट कोण बघतला?"

उत्तरानं जयवंतकडे पाहिलं. तो ट्रकची किल्ली बोटात फिरवत होता.

"आईच्या समाधानासाठी गं... एखादं वर्ष घरी राहा. मग बघू ना."

"मग म्हणजे कधी?"

किल्ली फिरतच राहिली.

तिनं कप खाली ठेवला. "माझं नाव पुसून टाक, जयवंत."

"पुसूचा नाय!" मालन घाबरून उठली. "पुसलेल्या नावाची गाडी घाटात घात करता."

उत्तरा एकटीच पायऱ्या उतरली. कोणी हाक मारली नाही.

माघात जयवंतचं लग्न झालं. मुलगी कणकवलीची, शेवंती. कारखान्याचं काम परबांकडेच राहिलं. नवा ट्रक जयवंतच चालवायचा. गाडी फाटकात आली की उत्तरा आधी आपलंच नाव वाचायची, मग फाळका तपासायची.

एकदा तिनं विचारलंच, "शेवंती वाट बघते?"

"बघते." त्यानं मान वळवली. "चाळीतल्या फोनपाशी दुपारभर उभी असते. विचारते... उत्तरा पोचली का?"

उत्तरानं फाळक्याची साखळी ओढून पाहिली. घट्ट होती. तिनं गाडी सोडली.

त्या दुपारी शुभानं आपला डबा उघडला. "जेव ना गं. फोन येईल तेव्हा येईल."

"तू सुरू कर."

"रोजचंच झालंय तुझं. गाडी घाटात असली की उपास!"

"भूक नाहीये गं."

पंखा फिरत राहिला. शुभानं जेवून हात धुतले, डबा पिशवीत घातला. अखेर फोन वाजला.

"माल पोचला," जयवंत म्हणाला. आणि त्यानं फोन ठेवला.

उत्तरानं आपल्या डब्याचं झाकण काढलं. पोळी वाळली होती.