खड्ड्याकडे पाठ

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी त्याला मिरी घातलेला, कडबोळ्यासारखा कडक तारालो फुकट दिला. फुकट, आणि वर हसून! असं मी सहसा करत नाही. पण बाहेर थंडगार रिमझिम होती, त्याचे केस कपाळाला चिकटले होते, आणि आत पाऊल टाकल्याबरोबर त्याने डोळे मिटून पावाचा वास घेतला होता.

"आणखी एक मिळेल?"

"पहिला फुकट असतो. दुसऱ्यासाठी नाव सांगावं लागतं."

"एत्तोरे."

"आणि काम?"

"पुरातत्त्व खात्याकडून आलोय... तुमच्या खड्ड्यावर लक्ष ठेवायला."

माझं हसू जागच्या जागी थिजलं. त्याच्या हातातला तारालो परत घ्यावासा वाटला मला.

ज्वालामुखीवर वसलेल्या आमच्या पोत्सुओली गावात जमीन स्वस्थ बसत नाही. फुगते, हादरते, अधूनमधून गंधकाचा वास सोडते. त्या हिवाळ्यात तिने आमच्या दुकानाखालचं पाण्याचं नळकांडं फोडलं. ते दुरुस्त करायचं तर फरशी खणायची, आणि फरशी खणायची तर पुरातत्त्ववाला काठावर उभा हवाच, कारण आमच्या पायाखाली अख्खं रोमन शहर झोपलेलं आहे. समोरच्या न्हाव्याकडे अशीच एक जुनी भिंत निघाली होती. त्याच्या दुकानाचं शटर अजून खाली आहे. बिचारा मुलीच्या स्वयंपाकघरात लोकांचे केस कापतो. आमच्याकडे काही निघालं तर पणजोबांनी बांधलेली भट्टी बंद पडणार, आणि भट्टीशिवाय आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

बाबांनी मला पिठाच्या पोत्यांमागे ओढलं. त्यांचं नाव प्रोकोलो, गावच्या संताचंच. पण त्या क्षणी चेहरा अजिबात संताचा नव्हता.

"इम्मा, त्याला बोलण्यात गुंतव. त्याची नजर खड्ड्यात जाता कामा नये."

"बाबा! मी काय नाटकात काम करते?"

"दिवसभर तोंड तर चालूच असतं तुझं. एकदा तरी कामी येऊ दे!"

मग मी कामाला लागले. कॉफी दिली. त्याच्या चिखलाळ बुटांची थट्टा केली. तो गल्ल्याला टेकून, खड्ड्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत उभा राहायचा, आणि मला वाटायचं, वा इम्मा, जमलं की तुला! खाली मजूर सवेरिओ खणत होता. त्याची कुदळ दगडाला लागून ठण्ण झालं की तो आवाज बुडवायला मी मोठ्याने हसायचे.

"एवढं काय हसलात? मी फक्त साखर मागितली..."

"तुम्ही मागताच अशी!"

"भूकंपाला घाबरता का हो तुम्ही?" त्याने एकदा विचारलं.

"मी सगळ्यालाच घाबरते. भूकंपाला, लिफ्टला, घोड्यांना..."

"मला?"

"तुम्हाला सगळ्यात जास्त."

ते अगदी खरं होतं. पण तो कानापर्यंत लाल झाला, आणि ते लाल कान घरी गेल्यावरही माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. तेव्हा मला नवीच भीती वाटायला लागली. हसायला बाबांनी सांगितलं होतं खरं, पण आता न सांगता हसू येत होतं. आणि हे सगळं कशासाठी चाललंय ते त्याला कळलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा रिकामा कप उचलत होते. इतक्यात खालून कुणीतरी खांदा मारावा तसा धक्का बसला. बरण्या खणखणल्या, दिवा झोके घ्यायला लागला, सवेरिओ ओरडत खड्ड्याबाहेर आला. माझा पाय काठावरून सरकला, आणि एत्तोरेने मला घट्ट जवळ ओढलं.

"धर मला! सोडू नकोस!" मी किंचाळले.

अहो-जाहो तिथेच संपलं. त्याचं काळीज माझ्या कानाशी धडधडत होतं. घाबरला होता तोही.

धक्का थांबला. खड्ड्याची एक बाजू घसरून खाली आली. त्याच्या खांद्यावरून मला दिसलं... मोठमोठे काळे दगड, एकाला एक भिडलेले, गुळगुळीत. एकावर गाड्यांच्या चाकांनी पाडलेली खोल चाकोरी. रस्ता होता तो. सरळ आमच्या भट्टीखाली शिरत होता.

बाबांनीही पाहिला. त्यांनी हळूच फावडं उचललं आणि मला हाताने खूण केली, त्याला तसाच धरून ठेव!

मी नुसती उभी राहिले असते तरी पुरलं असतं. रस्ता झाकायला बाबांना चार फावडी माती पुरे होती. पण मला ते जमेना. जमीन केव्हाच थांबली होती, थरथरत मी होते.

"एत्तोरे... मागे बघ."

"नको."

"अरे, बघ ना!"

"इम्मा," तो माझ्या कानाशी पुटपुटला, "मला माहितीये. काल संध्याकाळीच त्याचा कोपरा दिसला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमची भट्टी बंद पडली असती... आणि तू पुन्हा माझ्याशी हसली नसतीस. पहिल्या दिवसापासून मी खड्ड्याकडे पाठ करून उभा आहे. तुला काय वाटलं, कॉफीसाठी? करपट असते तुमची कॉफी!"

एरवी मी भांडले असते. पण त्या क्षणी माझी नजर काठावरच्या सवेरिओवर गेली. त्यानेही तो रस्ता पाहिला होता, आणि दोन पेले पोटात गेले की सवेरिओच्या पोटात काही राहत नाही. बातमी फुटणारच होती. मग रस्ता दडवला म्हणून एत्तोरेला पुन्हा कुणी कुठल्या खड्ड्याच्या आसपास उभं केलं नसतं.

मी त्याचे हात सोडवले आणि दाराकडे धावले. धक्क्यामुळे सगळी गल्ली बाहेर आलेलीच होती. समोरच्या गच्चीत फिलोमेना काकू गाऊनवर उभ्या होत्या.

"काकू!" मी जीव खाऊन ओरडले. "आमच्याकडे रस्ता सापडला! रोमन रस्ता! एत्तोरेने शोधला!"

काकूंना सांगितलं की गावाला वेगळं सांगावं लागत नाही. मागे बाबांच्या हातातलं फावडं खाली पडलेलं ऐकू आलं. वळून त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

खात्याची माणसं आली, फळ्या ठोकल्या, भट्टी विझली. जन्मापासून कोमट असलेल्या त्या विटांना हात लावला तर गार लागल्या. मी तिथेच बसून रडले. बाबा त्यांच्या भावाच्या भट्टीवर पाव भाजायला जाऊ लागले आणि माझ्याशी बोलेनासे झाले.

एत्तोरे मात्र रोज यायचा. आता तो खड्ड्यात गुडघे टेकून ब्रशने दगड साफ करत असायचा. एका सकाळी मी कॉफी घेऊन काठावर गेले.

"आता कशाला?" तो वर न बघता म्हणाला. "आता माझ्यापासून लपवायला काही उरलं नाही ना?"

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं!

"एक राहिलंय," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक झाला होता... "सुरुवातीला मी बाबांच्या सांगण्यावरून हसत होते. नंतर नाही. आवडतोस तू मला, एत्तोरे."

त्याने वर पाहिलं. कान लालबुंद!

"आणि तू पहिला तारालो दिलास तो?"

"तो माझा मीच दिला होता."

इतक्यात बाबा आत आले. पिशवीतून एक तारालो काढून त्यांनी एत्तोरेसमोर धरला.

"भावाच्या भट्टीतला आहे. चव नाही. खा, म्हणजे कळेल आमचं काय गेलंय ते. आणि खरं सांग, भट्टी पुन्हा पेटेल का?"

"ठाऊक नाही, काका. पेटेल कदाचित... कदाचित नाहीही." त्याने तो तारालो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

तेवढ्यात जमीन पुन्हा हलली. कप बशीत खडखडला. बाबा दाराच्या चौकटीशी पोहोचलेसुद्धा. मी, जन्माची भित्री, धावले नाही. खाली वाकून एत्तोरेचा चिखलाने माखलेला हात धरून बसले.

बाबांनी चौकटीतून आमच्याकडे पाहिलं. मग एक सुस्कारा सोडून त्यांनी खड्ड्याकडे पाठ केली.