नाख्त आजोबांच्या भिंतीमागची ठकठक

"चावणं थांबव," वाबेत म्हणाली. "तुझ्या दातांचाच आवाज येतोय."

इपूनं खजूर गालात सारला आणि बहिणीसारखा कान भिंतीला लावला. टक्. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. आवाज डोंगराच्या पोटातून येत होता, आणि नेमका नाख्त आजोबांच्या चित्रामागून.

चित्रातल्या आजोबांच्या खांद्यापाशी केसाएवढी भेग पडली होती. काल ती नव्हती. वाबेतनं तिच्यावर बोट ठेवलं तर गिलावा पिठासारखा बोटाला लागला आणि भेग आणखी थोडी उघडली.

आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. ते याच थडग्यात, या खोलीखालच्या खोल विहिरीत, आपल्या रंगीत पेटीत निजले होते. वरच्या या खोलीची मागची भिंत त्यांनी शेवटच्या दिवसांत स्वतः रंगवली होती: खुर्चीत बसलेले आजोबा, शेजारी आजी आणि डोक्यावर दोघांची नावं. भिंतीवर चेहरा आणि नाव आहे तोवर आजोबा भाकरी खायला वर येणार, पोराटोरांना ओळखणार. भिंत गेली की ते कोणाचेच कोणी नाहीत. हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण गावाचा धंदाच तो होता. डोंगरापलीकडच्या दरीत फारो रामसेसचं थडगं खोदायचं आणि रंगवायचं काम चालू होतं. गावातले निम्मे बाप दगड फोडत आणि निम्मे चित्रं काढत.

पण आज तिकडे कोणीच गेलं नव्हतं. राजा अमेनहोतेपचा सण होता. राजा जाऊन साडेतीनशे वर्षं झाली होती, तरी गावाचा धनी तोच. चार दिवस दरीतलं काम बंद, शाळा बंद, आणि घरोघरी बीअरचे रांजण उघडे.

घरी आल्यावर वाबेतनं सगळं सांगितलं. बाबा, म्हणजे गावातले पहिल्या नंबरचे चित्रकार मेन्ना, सावलीत आडवे झाले होते. त्यांनी एक डोळा उघडला.

"उंदीर असेल."

"बाबा, उंदीर असा एकसारखा ठोके देत नाही."

"मग मोठा उंदीर असेल," बाबा म्हणाले आणि डोळा मिटला.

आई चुलीपाशी होती. तिला वेगळीच काळजी. "मामंजींना बीअर हवी असेल गं. जिवंतपणी तरी कधी पुरली त्यांना? हे मडकं घेऊन जा आणि चार भाकऱ्या ठेव पुढ्यात. आणि इपू, त्या आजोबांसाठी आहेत."

"आजोबांचं खाऊन झालं की मग?" इपूनं विचारलं.

"मग काय करायचं ते तुला सांगायला लागतं होय?"

दोघांनी थडग्यात जाऊन भाकऱ्या ठेवल्या. ठकठक चालूच राहिली. ऊन डोक्यावर आलं तशी ती बंद झाली, आणि इपूची चौथी भाकरी संपेपर्यंत पुन्हा सुरू झाली.

"तिसरा दिवस हा," वाबेत पुटपुटली. "सणाआधी एकदाही नाही. आणि दुपारी जेवायला थांबतात."

"आजोबा तर इथंच जेवले," भाकरीचा चुरा झटकत इपू म्हणाला.

"आजोबा नाहीत रे बाबा! कुणीतरी जिवंत माणूस दगड फोडतोय. दरीतल्या कामाला सुट्टी मिळाली की माणूस स्वतःचं काम काढतो. कुणी काढलंय सध्या?"

दारात सावली पडली. त्यांचा मित्र पाशेद आला होता. तेरा वर्षांचा, तिघांत मोठा, आणि शाळेत सगळ्यांत मागचा. फारोंची नावं पहिल्यापासून म्हणायला सांगितली की तो दहाव्याला अडखळायचा आणि छडी खायचा. त्यानं वाबेतचं बोलणं ऐकलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला होता.

"माझे बाबा," तो म्हणाला. "आमच्या थडग्याची खोली खोदतायत. पण ती तर डोंगराच्या पुढं आलेल्या नाकाच्या पलीकडे आहे. इथं कशी येईल?"

"चल, विचारू."

पाशेदचे बाबा, पेन्दुआ काका, आपल्या थडग्याच्या दारात पाणी पीत बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, फक्त डोळे तेवढे काळे. वाबेतनं नमस्कार करून भेगेचं सांगितलं. काका हसले आणि त्यांच्या अंगावरून धूळ उडाली.

"अगं पोरी, तुझे आजोबा माझ्यापासून वीस हात लांब. मी सरळ डोंगरात चाललोय, ते राहिले बाजूला."

"पण काका, आत अंधारात सरळ कसं कळतं?"

"तीस वर्षं दगड फोडतोय मी! फारोच्या थडग्यात सरळ जातो, तर माझ्या जाईन की. दोनदा वाटेत ही मोठी गारगोटी लागली, तर वळसा घातला आणि परत सरळ झालो. हाताला कळतं ते." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "माझी आई काही फार दिवसांची नाही. तिच्या डोळ्यांदेखत खोली व्हायला हवी, एवढंच आहे माझं. उद्या सकाळी आणखी तीन हात पुढं गेलो की झालं. आता जाऊ दे मला, डोकं भादरायचंय. आज राजाची पालखी खांद्यावर घ्यायचीय, पुढच्या दांडीला मी आहे."

हातोडा खांद्यावर टाकून ते गावाकडे निघून गेले.

"उद्या सकाळी," इपू म्हणाला. "तीन हात."

वाबेत पाशेदकडे बघत होती. दुसऱ्याचं थडगं फोडणाऱ्याला फारोची माणसं काय शिक्षा करतात, ते त्यालाही माहीत होतं. चुकून फोडलं असं कोण ऐकून घेणार? पाशेदनं ओठ चावला.

"काका बरोबर असतील," ती म्हणाली. "मोजलं तर कळेल. पण तू नको म्हणालास तर आम्ही आत जाणार नाही."

पाशेदनं थडग्याच्या दाराकडे पाहिलं. मग आत गेला आणि बापाची गाठीची दोरी घेऊन आला. हाताहातावर एक गाठ.

"फुटायच्या आधी कळलेलं बरं," तो म्हणाला. "दिवा तू धर."

लांबी मोजणं सोपं होतं. गाठी मोजत जायचं. पंचाईत वळणाची होती. भुयार किती वळलं, ते दोरीला कसं सांगायचं? पहिल्या गारगोटीपाशी तिघं थबकले. काळा, गुळगुळीत दगड भिंतीतून फुगून आला होता. इपू तिथंच उभा राहून म्हणाला, "मी इथं थांबतो. मला भीती वाटत नाहीये, मी फक्त थांबतो."

"थांब," वाबेत एकदम म्हणाली. "तिथंच थांब! पाशेद, तू चार हात पुढं जा. मी चार हात मागं येते. आता दोरी तिघांच्या हातातून फिरवून ताणा, आणि जिथं जो आहे तिथं त्यानं गाठ मारायची."

दोरीचा त्रिकोण झाला. पाशेदला आधी कळेना, मग त्याचे डोळे चमकले. हाच त्रिकोण बाहेर नेऊन तसाच ताणला की वळण जसंच्या तसं बाहेर! दुसऱ्या गारगोटीपाशी दुसरा त्रिकोण घेतला. दोन्ही थडग्यांची दारं एकाच पायवाटेवर होती, ती वाट डोंगराच्या नाकाला वळसा घालत होती, तिथं तिसरा त्रिकोण. आजोबांची खोली शेवटी मोजली.

गावाखाली गाढवं बांधायचं मोकळं मैदान होतं. गाढवांनाही सणाची सुट्टी होती, म्हणून जागा सपाट आणि रिकामी होती, जरा बघून पाय टाकावा लागत होता एवढंच. तिथं त्यांनी दोन्ही थडगी जमिनीवर काठीनं आखली. एका दारापासून भुयार निघालं. पहिलं वळण. दुसरं वळण. पेन्दुआ काका परत सरळ झाले होते खरे, पण निम्मेच!

इपूनं शेवटची रेघ ओढली आणि काठी खाली टाकली.

"वाबेत," तो म्हणाला, "मी आजोबांच्या भिंतीवर उभा आहे."

दोन रेघांच्या मधे फक्त एक वीत जागा होती. पाशेदनं वाकून स्वतःची वीत टेकवून पाहिली. मग तो ताडकन उठला.

"बाबांना सांगू, चल."

"जमीन उचलून दाखवणार का त्यांना?" वाबेत म्हणाली. "माझे बाबा लहान चित्रावर चौकोन पाडतात आणि मग भिंतीवर मोठं करतात. आपण उलटं करू."

तिनं परातीएवढी चुनखडीची कपची शोधली. गेरूत भिजवलेला दोरा ताणून फटकारला की लाल रेघ उठते, हे तिला आजोबांनीच शिकवलं होतं. मुलींना कशाला, असं शेजारीपाजारी म्हणत, तेव्हा आजोबांना कमी ऐकू यायचं. एक चौकोन म्हणजे एक हात. पाशेदनं गाठी सांगितल्या, तिनं रेघा उतरवल्या, आणि काम संपलं तेव्हा गावातून ढोल ऐकू यायला लागले होते.

गावात गर्दी नुसती उसळली होती. बाबा मित्रांच्या घोळक्यात मोठमोठ्यानं हसत होते. वाबेतनं कपची पुढं केली तर ते म्हणाले, "छान काढलंय हं, उद्या बघू." गावचे लेखनिक काका म्हणाले, "सण झाल्यावर कचेरीत ये." आईचा पत्ताच नव्हता. तिकडे भादरलेल्या डोक्यांच्या, शुभ्र कपड्यांतल्या माणसांनी पालखी उचलली. पुढच्या दांडीला पेन्दुआ काका. वर राजा अमेनहोतेपची काळी, चकचकीत मूर्ती.

या दिवशी राजा गाऱ्हाणी ऐकायचा. कोणीही विचारावं. राजा पुढं सरकला तर हो, मागं सरकला तर नाही. एका म्हातारीनं विचारलं, माझी चादर जावयानं नेली का? राजा पुढं आला. जावई गर्दीत दिसेनासा झाला.

"आता कोण?" लेखनिकांनी हाक दिली.

वाबेतनं कपची छातीशी धरली होती. इपूनं तिला मागून ढकललं, म्हणून ती पुढं गेली. सगळा गाव तिच्याकडे वळला.

"देवा," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "देवा, माझ्या नाख्त आजोबांच्या भिंतीमागं पेन्दुआ काकांची छिन्नी येऊन पोचलीय का?"

गर्दीत कुजबुज झाली. बाबांचं हसू मावळलं. पेन्दुआ काकांचं भादरलेलं डोकं लाल झालं आणि पालखी चांगली दोन पावलं मागं गेली.

"राजा नाही म्हणतोय," लेखनिक म्हणाले. "बाजूला हो, बाळ."

वाबेत बाजूला झाली नाही. तिनं कपची दोन्ही हातांनी उचलली आणि मूर्तीच्या समोर धरली. मूर्ती उंचावर होती. तिचे हात पोचले ते बरोबर पेन्दुआ काकांच्या नाकासमोर.

"मग देवा, हे बघ आणि पुन्हा सांग. एक चौकोन म्हणजे एक हात. आम्ही तिघांनी मोजलंय."

"तिघांनी?" काकांनी विचारलं.

"मीही, बाबा," पाशेद गर्दीतून पुढं आला. तो बहिणीच्या पाठीशी भाऊ उभा राहावा तसा वाबेतशेजारी येऊन उभा राहिला.

काकांनी कपचीकडे पाहिलं. लाल चौकोनांतून त्यांचं स्वतःचं भुयार चाललं होतं. ही पहिली गारगोटी. ही दुसरी. त्या अंधारात त्यांच्याशिवाय कोणी छिन्नी मारली नव्हती, आणि तरी त्यांचा प्रत्येक हात तिथं होता. त्यांचे ओठ हलायला लागले. ते चौकोन मोजत होते. शेवटच्या रेघेशी ते थांबले, आणि मग त्यांचे गुडघेच वाकले.

पालखी पुढं झुकली. राजा अमेनहोतेप गावासमोर कमरेत वाकला. मग एक पाऊल पुढं आला, आणखी एक आला, आणि मागच्या दांडीचे लोक धडपडत पुढं ओढले गेले.

"हो म्हणाला!" इपू ओरडला. "राजा हो म्हणाला!"

ते राजाचं उत्तर होतं की काकांच्या गुडघ्यांचं, यावर गावात पुढं कितीतरी वर्षं वाद चालले. त्या क्षणी मात्र वाद घालायला कोणी थांबलं नाही. पालखी देवळात ठेवून सगळे डोंगराकडे धावले.

बाबा आजोबांच्या चित्रावर तळहात ठेवून उभे राहिले. पलीकडे, डोंगराच्या पोटात, पेन्दुआ काकांनी हातोड्यानं नाही, बोटाच्या पेरानं टकटक केली. बाबांनी हात झटकन मागं घेतला आणि पुन्हा हळूच ठेवला. दाराशी उभ्या असलेल्यांनाही ती टकटक ऐकू आली होती.

"उंदीर म्हणालो मी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझ्या बापाचा चेहरा जात होता, आणि मी उंदीर म्हणालो." त्यांनी वाबेतला जवळ घेतलं आणि तिला बराच वेळ सोडलं नाही.

लेखनिक काकांनी कपची दोनदा उलटसुलट करून पाहिली. "मला कचेरीत इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, "डोंगराच्या आतलं कोणी बाहेर काढून आणलेलं मी पाहिलं नाही. पाशेद, शाळेत फारोंची नावं कुठं अडतात तुझी?"

"दहाव्याला."

"अडू देत. मी गुरुजींशी बोलतो."

पेन्दुआ काका सगळ्यांत शेवटी बाहेर आले. शुभ्र कपड्यांचं पार वाटोळं झालं होतं. सगळ्यांना वाटलं, आता पाशेदची काही धडगत नाही. पण काका मुलाजवळ गेले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. फारोच्या माणसांसमोर हात बांधून उभं राहण्याची वेळ पोरानं टाळली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वाबेतच्या दारावर थाप पडली. काका आले होते. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात नवी, कोरी कपची. गावातल्या सगळ्यांत जाणत्या दगडफोड्यानं ती बारा वर्षांच्या मुलीपुढं धरली.

"रात्रभर आईपाशी बसलो होतो," ते म्हणाले. "तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आता त्या पोरीला विचारल्याशिवाय एक बोट पुढं जायचं नाही. सांग, कुठल्या बाजूला वळू?"

वाबेतनं आधी हात पुसले. मग तिनं कपची घेतली, गेरू कालवायला इपूला बसवलं, आणि पाशेदला दोरी आणायला पाठवलं.