सहाच खोल्या

सरका जवळ. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमच्या ऑफिसात एक मोजणीदार होता. आम्ही त्याला इंचभाऊ म्हणायचो. बायकोने पलंग जरा सरकवला तरी टेप घेऊन धावणारा माणूस. गेल्या वर्षी सतरा नोव्हेंबरला, गुरुवारी, संध्याकाळी सव्वासातला तो एका जुन्या इमारतीतल्या भाड्याच्या खोल्या मोजायला गेला. दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. मालक म्हणे खोल्या सहा, भाडेकरू म्हणत सात. नियम असा, की सहाच असतील तर मालकाला सगळ्यांना बाहेर काढून इमारत पाडता येते. सात असतील तर नाही. त्यात मालक पडला साहेबांचा मेहुणा! "सहाच लिहायच्या," साहेबांनी बजावलं होतं. इंचभाऊची निवृत्ती तोंडावर आलेली. त्याने मान डोलावली.

सहा मोजून तो निघाला, तर वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीने जिन्याशी अडवलं.

"साहेब, सातवी राहिली. शिवणवाली बाई वारली आणि मालकानं तिचं दारच लिंपून टाकलं."

"दार नाही तर खोली कसली, मावशी?" म्हणत तो जिना उतरला.

खाली रस्ता नव्हता. दार होतं. आत दिवा... शिवणयंत्र चालू. बाईने मान वर केली नाही.

"मोजा."

त्याने मोजलं. दहा बाय आठ. पळत बाहेर पडला... तीच खोली. पुन्हा दार. पुन्हा तीच खोली. किती वेळा, देव जाणे.

"लिहा."

त्याने लिहिलं. सात.

यंत्र थांबलं... पुढच्या दाराबाहेर रस्ता होता.

हे त्यानेच मला सकाळी ऑफिसात सांगितलं. मी म्हटलं, "मग सातच राहू दे की, बाबा." तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा साताचे सहा झाले होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय करू? मलाही घर आहे."

त्या रात्री तो जेवून आतल्या खोलीत झोपायला गेला. वहिनी आजारी सासूबाईंजवळ बाहेर झोपल्या होत्या. सकाळी चहा घेऊन गेल्या... आतल्या खोलीला दारच नव्हतं.

सलग भिंत. रंग जुना, पोपडे आलेला. गवंड्याला बोलावून फोडली. पलीकडे... गल्ली.

मी स्वतः बघून आलो. भिंतीला लागून त्याच्या चपला होत्या. टोकं भिंतीकडे. आत जाताना काढतो ना आपण, तशा.