डाव्या पाकळीवरचा गुलाबी

"ओ मॅडम! हात नका लावू फुलाले!"

मिताली एवढी दचकली की हातातला थर्माकोलचा पांढरा तक्ता सुटला आणि वाऱ्यावर उडत थेट हाक मारणाऱ्याच्या पोटावर जाऊन आदळला.

आर्णीच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या त्या कपाशीच्या वावरात ती न विचारताच शिरली होती. स्कूटर रस्त्यावर, चपला चिखलात, कॅमेरा गळ्यात. तक्ता काखेत मारून तो जवळ आला. मळका बनियन, पाठीवर फवारणीचा पंप, आणि डोळ्यांत रागापेक्षा कुतूहल जास्त.

"मी तोडत नव्हते हो... फक्त फोटो काढत होते."

"एका फुलाचं एक बोंड होते मॅडम. फूल गेलं का बोंड गेलं."

"म्हणूनच झाडावरच काढतेय. पण मागं हे पांढरं धरायला हात पुरत नाहीत, आणि वारा तर..."

"मंग धरणारा पाहिजे न." तो जरा थांबला. "मी रिकामाच हावो."

पाठीवर भरलेला पंप घेऊन त्यानं हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मिताली खुदकन हसली. त्याचं नाव जीवन राठोड. वावर त्याचंच, घर नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यात. त्या दिवशी वाऱ्यानं काही ऐकलं नाही. "उद्या सकाळी या, सकाळी वारा नसते," जीवन म्हणाला, आणि यवतमाळपर्यंत स्कूटर चालवताना मिताली कारण नसताना गुणगुणत राहिली.

कारण नव्हतं असं तरी कसं म्हणावं? पुण्याच्या एका छापखान्यानं तिला कॅलेंडरचं काम दिलं होतं. विदर्भातली बारा फुलं, सगळी हाय-की पद्धतीनं. म्हणजे फुलामागं सगळं पांढरं, उजेड भरपूर, सावली नावालाही नाही. आजवर तिनं लग्नांत दुसऱ्याच्या नावावर फोटो काढले होते. हे पहिलं काम तिच्या नावाचं. पळस, बहावा, तरोटा धरून अकरा फुलं पसंत पडली होती. बारावं कपाशीचं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत आलं तर ठीक, नाहीतर छापखाना ते दुसऱ्याकडून घेणार होता.

सोमवारी सकाळी वावरात पाऊल टाकलं आणि मितालीला हसू दाबावं लागलं. जीवनच्या अंगात लालभडक, घड्या न मोडलेला नवाकोरा शर्ट होता.

"फोटो फुलाचा आहे, तुमचा नाही!"

"माहीत हाये न. पण याडी म्हणते, चांगल्या कामाले आपल्या घरात लालच घालतेत."

याडी म्हणजे त्याची आई, हंसाबाई. ती बांधावरून चहाची किटली घेऊन आली, मितालीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "आव बेटी, बेस," म्हणत गोणपाट अंथरलं. जीवननं हात लांब करून फुलामागं तक्ता धरला. दुधात हळदीचं बोट बुडवावं तसं ते फूल. मितालीनं एक डोळा मिटला.

"हात दुखला तर सांगा."

"हात नाही दुखत. पण तुम्ही एक डोळा मिटून घेता, अन् दुसरा कॅमेऱ्यामागं. मंग मी पाहू कोणीकडं?"

"फुलाकडं!"

"ते त मी रोजच पाह्यतो..."

घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर फुलावर गुलाबी झाक. मितालीनं फोनवर विचारलं. जीवन म्हणाला, कपाशीचं फूल आज पांढरं, उद्या गुलाबी, परवा गळते. तुम्ही कालचं फूल धरलं असान. मंगळवारी ती अर्धा तास लवकर गेली, नुकतंच उमललेलं फूल निवडलं. झाक उलट वाढलेली. बुधवारी आणखी लवकर, आणखी ताजं फूल. झाक आणखी गडद. कॉम्प्युटरवर रंग काढावा तर फुलाची मूळची पिवळसर सायही जात होती. मितालीचा जीव रडकुंडीला आला.

बुधवारी संध्याकाळी रत्नप्रभाबाई, तिची आई, चष्मा पुसत मागं येऊन उभ्या राहिल्या. तीस वर्षं टपाल निवडून त्यांची नजर पक्की झालेली.

"मिताली, हे फूल डाव्या बाजूनंच काहून लाल होते गं?"

मितालीनं तिन्ही दिवसांचे फोटो शेजारी शेजारी लावले. खरंच की! उजवी पाकळी शुभ्र. डावी सोमवारी जेमतेम गुलाबी, मंगळवारी जास्त, बुधवारी चांगलीच लाजलेली.

"डावीकडं कोण उभं राहते?" आईनं साळसूदपणे विचारलं.

मितालीचे कान तापले. उन्हात लाल कापड जवळ आलं की पांढऱ्यावर त्याचा रंग पडतो, हा तर या धंद्यातला पहिला धडा. तो ती तीन दिवस विसरली होती. आणि तीन दिवसांत एकदाही "जरा मागं सरका" असं म्हणाली नव्हती.

गुरुवारी आभाळ मोकळं होतं. जीवन तोच शर्ट घालून हजर. तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. पहिला फोटो. दुसरा. तिसरा.

"सोमवारी हातभर लांब होता. मंगळवारी वीतभर जवळ. बुधवारी..." ती थांबली.

जीवननं मान खाली घातली. "माप निघालं म्हणा माह्यं."

"माझं काम अडलं की हो!"

"माह्यी चूक हाये." तो कसाबसा बोलला, पण डोळे वर करून. "तुम्ही मले आवडता मॅडम. पयल्या दिवसापासून. म्हून पाय आपोआप... जाऊ द्या. तक्ता काठीले बांधून देतो अन् बांधावर जाऊन उभा राह्यतो. तुमचं काम नाही बुडलं पाहिजे."

तो वळला. त्याच्या पाठीकडं बघताना मितालीला एकदम कळलं, की फोटो मिळेल, कॅलेंडर छापून येईल, आणि आपण घरी जाऊन उदास बसू.

"जीवन!"

तो थांबला. मॅडमनं पहिल्यांदाच नुसत्या नावानं हाक मारली होती.

"शर्ट बदल. जागा नको बदलू."

क्षणभर त्याला उमगलंच नाही. मग असा धावला तांड्याकडं, की बांधावरची हंसाबाई किटली सांभाळत बाजूला झाली. परत आला तो बापाचा, शंकरसिंगचा, पांढरा सदरा घालून. सदरा ढगळा, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, आणि श्वास लागलेला. तक्ता धरून तो बुधवारच्या जागेवर उभा राहिला. नाही, त्याहूनही थोडा अलीकडं.

मितालीनं श्वास रोखून बटण दाबलं. पडद्यावर दुधाळ, हलकं पिवळसर फूल, भोवती नुसता उजेड. डावी पाकळी उजवीसारखीच शुभ्र. बारावं फूल जमलं होतं.

"आलं काय?" जीवननं दबकत विचारलं.

"आलं."

"मंग... बाजूले होऊ?"

तिनं कॅमेरा खाली घेतला. आता दोन्ही डोळे उघडे होते.

"नको," ती म्हणाली.