पिंपावरचं ओलं फडकं

अळी चपलेखाली आली, पच्चकन फुटली, आणि केबलबाईंना सकाळचा चहा घशाशी आला.

प्रयोगशाळेच्या फरशीवर पंधरा-वीस अळ्या सरपटत होत्या. पांढऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या, ओलसर. बाईंनी चप्पल दाराच्या उंबऱ्याला घासली, मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि मगच आत पाय टाकला. तीस वर्षं त्या विद्यापीठाचे संगणक जोडत होत्या. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. धूळ, कोळ्यांची जाळी, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, सगळं त्यांनी हाताने काढलं होतं. पण या खोलीत यायचं त्या टाळायच्या. इथे धान्यातली कीड पाळत होते. कोंड्यात वाढवायची, त्यावर नवीन कीडनाशक भुकटी टाकायची, आणि मेली का जगली ते सूक्ष्मदर्शकाखाली रोज टिपून ठेवायचं.

"मावशी, सगळं गेलं," संशोधक मुलगी म्हणाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

काल संध्याकाळीच बाईंनी इथे नवा संगणक मांडला होता. दोन पडदे, भक्कम टेबल, प्रत्येक तारेला चिठ्ठी. आज सकाळी जुन्या संगणकातली चार वर्षांची छायाचित्रं नव्यात घ्यायची आणि एक प्रत विद्यापीठाच्या मध्यवर्ती साठ्यात ठेवायची, एवढंच उरलं होतं. मुलीने जुना संगणक सुरू केला तर छायाचित्रांची मोठी डिस्क कोरी करकरीत. सोमवारी परीक्षकांसमोर मूळ छायाचित्रं दाखवायची होती. ती नसतील तर पदवी नाही, शिष्यवृत्ती नाही आणि वर निष्काळजीपणाचा डाग कायमचा.

"दुसरी प्रत?" बाईंनी विचारलं.

"माझ्या मार्गदर्शक सरांच्या कपाटात होती. इथलं काही बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे. ती डिस्क सहा महिन्यांपूर्वी बिघडली म्हणाले."

"काल तू काही हात लावलास?"

मुलीने मान खाली घातली. धीर निघेना म्हणून तिने सातच्या सुमारास दोन्ही संगणकांमध्ये तार जोडून बघितली होती. काही झालं नाही, तेव्हा ती कुलूप लावून घरी गेली. आता तिला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता.

"आणि या अळ्या?"

"पिंपातून आल्या. वापरलेला कोंडा त्यात टाकतो. झाकणाखाली ओलं फडकं घालावंच लागतं, नाहीतर रात्रभरात फटीतून बाहेर येतात. मी काल घातलं होतं, मावशी. पण सकाळी फडकं खिळ्यावर वाळत होतं. बहुतेक तेही विसरले असेन."

फडक्याला बाईंनी बोट लावून बघितलं. पापडासारखं कडक झालं होतं.

खोलीत आणखी एक जण होता, सरांचा मदतनीस. त्याच्या कडक कॉलरमुळे सगळे त्याला इस्त्री म्हणत. नवा संगणक आपल्या टेबलावर यावा म्हणून त्याने महिनाभर डोकं खाल्लं होतं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं तर तो आपणहून म्हणाला की त्याच्याकडेही खोलीची किल्ली आहे, पण काल तो पाचलाच गेला.

"किल्ल्या किती?"

"तीन. माझी, हिची आणि सरांची. पण सर इथे येतात कुठे? दहा वर्षांत त्यांनी कोंड्याला हात लावलेला नाही. पिंप रोज आम्हीच भरतो. आज बारा वाजता भट्टीवाले ते जाळायला नेतील."

घड्याळात साडेदहा झाले होते.

तेवढ्यात सर दाराशी आलेच. उंबऱ्याबाहेर उभे, नाकाला अत्तराचा रुमाल. फरशीवरच्या अळ्या बघून त्यांनी तोंड असं केलं की जणू त्या आपल्या पगारावर पोसलेल्याच नाहीत. त्यांनी बाईंना आपल्या खोलीत यायला सांगितलं.

सरांची खोली बंद असायची आणि आत ते सिगारेट ओढायचे. भिंती पिवळ्या पडल्या होत्या, खिडकीच्या पडद्याला शिळ्या राखेचा वास होता, त्यावर कसला तरी फुलांचा फवारा मारलेला. बाईंना वाटलं, त्या अळ्या परवडल्या. टेबलाच्या कडेला सरांचा संगणक होता, पुस्तकासारखा उभा ठेवायचा, अरुंद.

"हा कागद. डिस्क वापरणाऱ्याच्या चुकीने पुसली गेली, असं लिहिलंय. तुम्ही सही करा, बाकीचं मी बघतो," सर म्हणाले.

"यंत्र उघडून बघते, मग करते. तुमचा संगणक बंद का?"

"कालपासून चालत नाही. सोमवारनंतर बघा. घाई नाही."

बाई परत प्रयोगशाळेत आल्या आणि त्यांनी जुन्या संगणकाचं झाकण काढलं. आतून पिठाचा भपकाच आला. पंख्यावर, तारांवर, कोपऱ्याकोपऱ्यात पांढरट कोंड्याची साय धरली होती आणि तिच्यात मेलेल्या माश्या. बाईंनी आडवी बसवलेली मोठी डिस्क बाहेर काढली.

डिस्कवर कोंड्याचा कणसुद्धा नव्हता.

होता तो तपकिरी, चिकट थर, आणि तोही फक्त एका अरुंद कडेवर. बाईंनी डिस्क नाकाशी नेली आणि मान झटकून मागे घेतली. मग त्यांनी इस्त्रीला विभागप्रमुख बाईंना बोलवायला पाठवलं. सरांनाही यायला सांगितलं.

अकरा वाजता सगळे जमले. सर उंबऱ्याबाहेरच थांबले.

"सही झाली?"

"नाही झाली," केबलबाई म्हणाल्या. "तार जोडून काही पुसलं जात नाही. या पोरीने काही केलेलं नाही. ही डिस्क तिची नाहीच."

विभागप्रमुख म्हणाल्या, खात्यातल्या सगळ्या डिस्क एकाच खेपेत आल्यात, एकसारख्या दिसतात. मग हे कळलं कसं?

"दिसतात एकसारख्या, पण मळतात वेगळ्या. या यंत्रात डिस्क आडवी बसते, म्हणजे धूळ तिच्या पाठीवर पडायला हवी, आणि ती पिठाची हवी. हिच्या एका कडेवरच मळ आहे. म्हणजे ही वर्षानुवर्षं उभी होती. उभी डिस्क बसते अरुंद यंत्रात. आणि हा मळ सिगारेटच्या धुराचा आहे. वास घेऊन बघा, पण जेवणाआधी नको."

"माझ्या खोलीत कोणीही शिरू शकतं," सर म्हणाले. "या इस्त्रीला हा संगणक हवा होता. त्याला विचारा."

इस्त्रीचा चेहरा पडला. बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"माझाही पहिला संशय त्याच्यावरच होता. पण मग पायाखाली अळी आली. काल रात्री कोणीतरी पिंप उघडलं, फडकं काढून खिळ्यावर टाकलं आणि नुसतं झाकण लावलं. इथे रोज काम करणारा माणूस झोपेतसुद्धा फडकं विसरणार नाही. विसरला तर सकाळी फरशी त्यालाच पुसावी लागते. फडकं कशासाठी असतं हे ज्याला ठाऊकच नाही, असा किल्लीवाला एकच आहे. तोच आता उंबऱ्याबाहेर उभा आहे."

सरांनी रुमाल खिशात ठेवला.

"पण सर असं कशाला करतील?" मुलगी म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं.

"तूच सांग. या छायाचित्रांत दिसलेल्या कशाबद्दल त्यांना काही बोलली होतीस?"

मुलगी चाचरत म्हणाली, पंधरा दिवसांपूर्वी. सरांच्या छापून आलेल्या लेखात भुकटीने सगळ्या अळ्या मरतात असं होतं. पहिल्या दिवशी त्या निपचित पडतात हे खरं, पण तिसऱ्या दिवशी पुष्कळ पुन्हा हलायला लागतात. सर म्हणाले होते, नंतर बघू.

"आज सगळी छायाचित्रं मध्यवर्ती साठ्यात गेली असती आणि कोणालाही मोजता आली असती," बाई म्हणाल्या. "म्हणून कालची रात्रच हाताशी होती. नुसती पुसलेली छायाचित्रं परत मिळवता येतात, म्हणून डिस्कच काढली आणि आपली कोरी करून तिच्या जागी बसवली. भुकटी उद्या लोकांच्या कोठारात जाईल, लोक कीड मेली म्हणून धान्य भरतील. त्यांचं काय व्हायचं ते होवो, यांना काय त्याचं. आणि खापर फोडायला ही पोर होतीच."

"तुम्ही तारा ओढणाऱ्या बाई आहात," सर म्हणाले. "तुमच्या म्हणण्याला पुरावा काय?"

केबलबाईंनी बाही कोपरापर्यंत वर केली, पिंपाचं झाकण काढलं आणि हात आत घातला.

कोंडा गरम होता आणि हलत होता. बोटांच्या बेचक्यांतून, मनगटावरून अळ्या फिरत होत्या. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, पण हात त्यांनी बाहेर घेतला नाही. फार खोल जावंच लागलं नाही. लपवणाऱ्यालाही किळस आली असणार. त्याने वरच्या कोरड्या कोंड्यातच काम उरकलं होतं. बाईंनी डिस्क बाहेर काढली. तिच्या पाठीवर पांढऱ्या पिठाची जुनी साय तशीच होती.

"अजून तासाभराने भट्टीत गेली असती," त्या म्हणाल्या. "इस्त्री, सरांच्या संगणकाचं झाकण उघडून बघून ये. डिस्कची जागा रिकामी असेल."

ती रिकामीच निघाली. तोवर बाईंनी कोंडा झटकून, टोकं पुसून डिस्क नव्या संगणकाला जोडली होती. एका पडद्यावर प्रत मध्यवर्ती साठ्यात जायला लागली, दुसऱ्यावर छायाचित्रं उमटली.

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. ते मुलीला म्हणाले, "हे बघ बेटा, आपण घरातलीच माणसं. पुढच्या लेखात तुझं नाव पहिलं घालू. तिसरा दिवस तेवढा वगळू या."

केबलबाईंना पिंपात हात घालताना आली नव्हती एवढी शिसारी आता आली. त्या बेसिनकडे गेल्या आणि नळ सोडून साबण चोळत राहिल्या. तीनदा हात धुतले तरी त्यांना स्वच्छ वाटेना.

मुलीने सरांकडे पाहिलंच नाही. तिने तिसऱ्या दिवसाचं छायाचित्र मोठं केलं आणि पडद्यावर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. विभागप्रमुख तिच्या शेजारी वही घेऊन बसल्या.

"थांब, मोजू नकोस," सर म्हणाले आणि सगळ्यांदेखत पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आले. त्यांच्या बुटाखाली पच्चकन आवाज झाला. ते तिथेच पाय उचलून उभे राहिले.

"शंभरातल्या त्रेचाळीस जिवंत आहेत, मॅडम," मुलगी म्हणाली. "लिहून घ्या."