चार जानेवारीचं पत्र

नजलाला सात दिवसांत देश सोडायचा होता. तिची घरमालकीण साळूबाई नोटीस मुठीत धरून तिला थेट वकील जोहरा यांच्याकडे घेऊन आली.

"चार वर्सं माझ्याकडं राहतीय पोरगी. कुटं जायची नाय ती."

नजला येमेनची, शहरात फार्मसीत पीएचडी करणारी. मुक्काम वाढवून मिळावा म्हणून तिनं मार्चमध्ये केलेला अर्ज नामंजूर झाला होता. कॉलेजच्या फायलीत तिच्या नावाचं पत्र सापडलं होतं: 'मी शिक्षण सोडलं आहे.' तारीख चार जानेवारी.

"सही तुझी?" जोहरानं विचारलं.

"माझ्यासारखी आहे. माझी नाही."

सहीखाली पासपोर्ट क्रमांक होता. शेवटचे आकडे ४७९१.

"पासपोर्ट दाखव."

त्यावर शेवटी ४७१९ होतं.

"हा कधी मिळाला?"

"वीस फेब्रुवारीला. जुना संपला होता."

"कॉलेजात दिलास?"

"अजून नाही. क्लार्क सोमनाथ रोज मागतात."

जोहरा साळूबाईंकडे वळली. "नव्या पासपोर्टवरची भाडेकरूची नोंद कुणी भरली?"

"परदेशी पोरांचे फारम पैशे घेऊन भरतो त्या एजंट विश्वजीतनं. मला कुटं लिवता येतं? कागद हाय घरात."

"तो घेऊन या."

सुनावणीला परदेशी नागरिकांच्या नोंदणी कक्षात विश्वजीतसह सगळे हजर होते. अधिकारी कंटाळले होते. "मॅडम, तिला जाऊ द्या. तिकडून नवा अर्ज करेल."

"ती जाणार नाही, साहेब. आधी ऐकून घ्या."

जोहरानं पत्र टेबलावर ठेवलं. "पत्र जानेवारीचं, पण क्रमांक फेब्रुवारीत मिळालेल्या पासपोर्टचा. म्हणजे ते नंतर लिहून मागची तारीख टाकली. मार्चचा अर्ज खोटा ठरावा म्हणून. सोमनाथ यांच्याकडं फक्त जुना क्रमांक होता. साळूबाईंना लिहिता येत नाही. आणि क्रमांकही चुकलाय. एकोणीसच्या जागी एक्क्याण्णव."

तिनं साळूबाईंचा कागद शेजारी ठेवला. तिथंही ४७९१.

"ही नोंद तुम्ही भरलीत, विश्वजीतभाऊ?"

"टायपिंगची चूक कुणाचीबी होते."

"तीच चूक, त्याच जागी, दोनदा? मार्चपासून नजला स्वतःचा अर्ज स्वतः भरते. बाकीच्या परदेशी मुलांचेही भरून देते, फुकट. तुमच्या दारात कोण येतं आता?"

विश्वजीतनं कागद दूर ढकलला. मग म्हणाला, "माझा धंदा बसवला तिनं."

अधिकाऱ्यांनी नोटीस बाजूला सारली. "ठीक आहे. अर्ज पुन्हा तपासू."

"तोंडी नको. नोटीस रद्द केल्याचं लेखी द्या. तोवर आम्ही इथंच बसतो."

तासाभरानं सहीशिक्क्याचा आदेश नजलाच्या हातात पडला. अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं काम झालं. आता पोलिसांत तक्रार वगैरे कशाला? परक्या मुलखात उगाच वैर."

नजलानं जोहराकडून पेन घेतलं.

"तक्रार करणार. आणि मीच लिहिणार," ती म्हणाली. "मराठीत."